पत्र्याखालचा आदिमानव

मलेशियाच्या सरावाक राज्यातील कुचिंगहून सुमारे 60 किलोमीटरवर असलेल्या अन्नाह राइस येथील बिदायुह लोकांच्या लांबघरी, जेथे बांबूच्या एकाच उंच मचाणावर अनेक बिऱ्हाडे भिंतीला भिंत लावून नांदतात आणि धान्य वाळविण्याचे अंगणही सामाईक असते, रात्रीच्या भोजनास हॉटेलात परतण्याच्या बोलीवर आदिम संस्कृतीचे दर्शन घेण्यास आलेली प्रवासी मंडळी, प्रवेशशुल्काचा भरणा करून, तुआक ही तांदळाची दारू यथाविधी प्राशन करते आणि छपरावर पन्हाळी पत्रे दिसताच फसवणुकीची फिर्याद वाटाड्याकडे गुदरते. सरावाकावर पूर्वी राज्य करणाऱ्या ब्रूक घराण्याने बंद पाडलेल्या शिरच्छेदाच्या चालीतील जुन्या कवट्या पाहून मात्र तिचे समाधान होते. गळके शाकारलेले छप्पर उतरविताना रहिवाशांनी आमच्या छायाचित्रांचा विचार करावयास नको होता काय? कुचिंगला वर्षाकाठी सुमारे 4,000 मिलिमीटर पाऊस पडतो.