बोट लागली

‘सफर’ हा शब्द लोणावळ्याला लावायचा नाही, असा फतवा मी सासुरवाडीत काढला. मेहुणी बिचारी ‘आमची लोणावळ्याची सफर’ रंगवून सांगत होती. मी हातातली जिलबी खाली ठेवून तिला अडवलं. सफर म्हणजे लांबची, समुद्रावरची. सिंदबादनं सात केल्या, एकदाही सुखासुखी घरी आला नाही!

हा शब्द अरबीत साध्या प्रवासालाही चालतो, आणि स्वाहिलीत जाऊन त्याची ‘सफारी’ झाली, ती जीपमधून सिंह बघत हिंडते, हे मला ठाऊक होतं. सोयीचं नव्हतं, म्हणून बोललो नाही.

उलट दिलीप दोंदेंना साक्षीला काढलं. २००९च्या ऑगस्टमध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीतून मुंबईहून एकटे निघाले, ते पृथ्वीला वळसा घालून २०१०च्या मे महिन्यात परतले.

‘‘याला म्हणतात सफर!’’

‘‘पण त्या मोहिमेचं नाव ‘सागर परिक्रमा’ होतं ना?’’ मेहुणा म्हणाला. हा एरवी पेपरात फक्त राशिभविष्य वाचतो. ‘‘आणि भाऊजी, तुम्ही कधी बोटीत बसलात?’’

रविवारी सगळे गेटवेहून मांडव्याला निघालो. तासाभराचं पाणी. वरच्या डेकवर उभा राहून मी खलाशी आणि तांडेल यांतला फरक समजावू लागलो. मेहुणी सीगलना वेफर्स भरवत होती. गेटवे मागे बोटभर उरला, तोच माझ्या पोटात काहीतरी नांगर उचलून निघालं. तांडेलावरच व्याख्यान संपलं. पूर्वी समुद्र ओलांडणाऱ्याला परतल्यावर प्रायश्चित्त घ्यावं लागे. मी ते वाटेतच घेत होतो. मेहुणीनं थालीपिठं बाहेर काढून रिकामी पिशवी माझ्या हातात दिली. शब्दकोशात नसलेला मोठेपणा!

अखेर धक्का आला. खलाशी ओरडला, ‘‘लागली, बोट लागली!’’

मी पिशवीतून मान वर काढून म्हणालो, ‘‘केव्हाची!’’

परतीला बोट नको म्हणून हटून बसलो. मग शंभरेक किलोमीटरचा रस्ता, त्यात वडखळची कोंडी. तासभर गाडी जागची हलेना.

‘‘भाऊजी,’’ मेहुण्यानं मागं वळून अत्यंत नम्रपणे विचारलं, ‘‘हिला काय म्हणायचं?’’

मी तोंड उघडणार, एवढ्यात बायको म्हणाली, ‘‘त्यांना बोलायला लावू नकोस. पिशवी एकच होती.’’