खापर दिवाळीवर फोडू नका

तुळशीचं लग्न उरकतं न उरकतं तोच नगरच्या घराघरांत पहिला हप्ता येऊन धडकतो. कापडबाजारातल्या साड्या, पोराचा मोबाइल, बहिणीला भाऊबीजेची भेट, सगळं कार्डावर नाहीतर हप्त्यावर. आणि मग उपदेश सुरू होतो: अंथरूण पाहून पाय पसरावेत. हा उपदेश मला पटत नाही. वर्षातून एकदा बहिणीला बरी साडी घेणं ही उधळपट्टी नव्हे.

हा आरोप आपल्या जिल्ह्यावर पूर्वीही झालाय. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा उसळला आणि बघता बघता श्रीगोंदा, पारनेर, नगर, कर्जत तालुक्यांत पसरला. लोकांचा रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, त्याच्या दप्तरावर होता. खतं हाती लागली की जाळायची. कुणबी लग्नकार्यात आणि सणावारात पैसा उडवतो म्हणून बुडतो, असं तेव्हा सर्रास म्हटलं जाई. सरकारी आयोगाने चौकशी केली आणि या खर्चाला वाजवीपेक्षा जास्त दोष दिला जातो, असा निर्वाळा दिला. असे प्रसंग येतातच किती! सारा, बियाणं, बैल यांसाठी वारंवार काढलेली किरकोळ कर्जं आणि त्यांवर चढत जाणारं व्याज, यांनी माणूस बुडत होता.

आजही तेच आहे. कार्डाचं बिल ३०,००० आलं. खाली लिहिलेलं असतं, किमान देय १,५००. तेवढे भरले की माणूस निर्धास्त होतो. दर महिना साडेतीन टक्के धरला तर व्याज १,०५०, त्यावर १८ टक्के जीएसटी १८९. म्हणजे भरलेल्या १,५०० पैकी मुद्दलात गेले २६१. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. ‘शून्य टक्के’ हप्त्यांचंही तसंच. कार्डावरच्या अशा योजनांत व्याज बरेचदा प्रक्रिया शुल्काच्या नावाखाली वसूल होतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं.

पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोड कुटुंबांना तर कार्डही मिळत नाही. त्यांची दिवाळी मुकादमाच्या उचलीवर. नवरा-बायकोच्या एका कोयत्याने घेतलेली रक्कम हंगामभर ऊस तोडून फेडायची, फिटली नाही तर ती पुढच्या हंगामाच्या मानगुटीवर बसते. या माणसांना काटकसर शिकवणाऱ्याने आधी मुकादमाची वही उघडून बघावी.

ज्यांचं देणं आज डोक्यावर आहे त्यांनी सगळ्यात चढ्या दराचं आधी मिटवावं. बचत गटाचे महिना दोन टक्के ऐकायला जड वाटतात, पण साडेतीनपेक्षा ते कितीतरी बरे. नोकरदाराला पगारदार पतसंस्था आहे, घरात दागिना असेल तर बँकेचं सोनेतारण आहे. तिथून पैसे उचलून कार्ड एकरकमी मिटवा आणि देणं फिटेपर्यंत ते कपाटात ठेवा. रिकामं झालेलं कार्ड पुन्हा वापरलंत तर दोन कर्जं होतील.

पुढच्या दिवाळीची तयारी याच महिन्यात करा. गल्लीतल्या दिवाळी भिशीवर माझा भरवसा नाही. वही ठेवणारा ऐन दसऱ्याला परागंदा झाला तर पैसे मागायचे कुणाकडे? बँकेत दिवाळीच्या आधी मुदत संपेल अशी आवर्ती ठेव काढा. महिना १,५०० टाकत गेलात की भरलेली सगळी रक्कम आणि वर व्याज, रोख हातात.

हप्त्यानेच घ्यायचं असेल, तर हक्क माहीत असू द्या. त्या दंग्यानंतर आलेल्या १८७९ च्या कायद्याने नुसत्या खतावर न विसंबता कर्जाचा मागचा इतिहास तपासण्याची मुभा कोर्टाला दिली होती. तेव्हा कोर्टाची पायरी चढावी लागे. आता १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी बँकेने किंवा वित्त कंपनीने सगळं शुल्क धरून वार्षिक दर सांगणारं विवरणपत्र कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचं आहे. फ्रीज-टीव्हीच्या कर्जालाही ते लागू आहे. दुकानात ओटीपी सांगण्याआधी ते मागा, मराठीत मागा. काउंटरवरचा पोरगा "नंतर मेल येईल" म्हणाला, तर त्याला सांगा, ओटीपीही नंतरच देतो.