ठरावकाका

बंगळुरात मल्लेश्वरममधल्या आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक महापालिका भरते. तिचे महापौर, विरोधी पक्षनेते, नगरसचिव आणि शिपाई हे सगळे एकच गृहस्थ आहेत. सगळी इमारत त्यांना ठरावकाका म्हणते. वरच्या मजल्यावरच्या तमिळ आणि ओडिया पोरांना ते त्यांचं आडनावच वाटतं.

सभा रविवारी सकाळी, उप्पीट झाल्यावर. गणपूर्तीला तिघं लागतात: काका, काकू आणि मी. मी कायमचा अनुमोदक. काका मसुदा वाचतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि विचारतात, "सूचक मी. अनुमोदक?" मी तोंडातला घास गिळत हात वर करतो. काका लाल शाईनं लिहितात, 'सर्वानुमते.' काकू तोवर सभात्याग करून स्वयंपाकघरात गेलेल्या असतात. इतिवृत्तात त्यांची नोंद 'तटस्थ' अशी होते.

विषयपत्रिकेवर काय असतं? राज्य सरकार जे जे करू म्हणेल ते सगळं. बंगळुरासंबंधी एखादा कायदा येऊ घातला, की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात हरकती आणि सूचना मागवल्याची जाहिरात येते. बाकीचं शहर त्या पानावर कोथिंबीर निवडतं. काका ते पान कापून फाइलला लावतात. एचएएलमधून निवृत्त झाल्यापासून त्यांनी एकही मसुदा हरकतीवाचून जाऊ दिलेला नाही. शर्टाच्या खिशात दोन पेनं, निळं मजकुराला आणि लाल कलमांच्या आकड्यांना. हातात साडीच्या दुकानाची कापडी पिशवी, तिच्यात पंचिंग मशीन, हिरवी दोरी, फुलस्केप कागद आणि डिंकाची बाटली. ईमेलवर त्यांचा विश्वास नाही. "ईमेलला शिक्का असतो काय? पोच कोण देणार, कॉम्प्युटर?" २०२५ मध्ये टपाल खात्यानं रजिस्टर पोस्ट बंद करून स्पीड पोस्टात घातलं, तेव्हा त्यांनी दिल्लीला हरकत पाठवली. स्पीड पोस्टानं पाठवावी लागली, याचं त्यांना आजही वाईट वाटतं.

काका मूळचे बेळगावचे. मराठी बोलताना मध्येच "हौदु" म्हणतात आणि कानडी बोलताना "म्हणजे बघा की". महापालिकेनं स्वतःचं मत दिलं की काय होतं, हे त्यांनी लांबून का होईना पाहिलेलं आहे. २००५ साली बेळगाव महापालिकेनं महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला. महापौर विजय मोरे बंगळुरात आले असताना त्यांच्या तोंडाला काळं फासलं गेलं आणि पाठोपाठ सरकारनं पालिकाच बरखास्त करून टाकली. काका यावर फार बोलत नाहीत. एकदाच म्हणाले, "म्हणून मी ठराव घरात करतो. इथं बरखास्त करायला फक्त ही आहे."

'ही' म्हणजे काकू. आणि काकू म्हणजे खरोखरच राज्य सरकार. अधिकार सगळे त्यांच्याकडे, तिजोरी त्यांच्याकडे, आणि काकांच्या सभागृहाची मुदत त्यांच्या मर्जीवर. काकांनी मेथीच्या भाजीला तत्त्वतः मान्यता देऊन तुपाचा विषय फेरविचारार्थ ठेवला, तर काकू ताट उचलून नेतात. "मंजूर नसेल तर सभागृह बरखास्त." गीझर नवा घ्यायचा ठराव तर इतक्या वेळा तहकूब झाला, की शेवटी काकूंनी वटहुकूम काढून परस्पर गीझर बसवून घेतला. काकांनी इतिवृत्तात लिहिलं: 'कार्योत्तर मंजुरी.'

वर्षातले दोन दिवस काका पाळतात. १ जूनला केसरीभात, कारण १९९३ साली त्या दिवशी चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली आणि नगरपालिकांना घटनेत जागा मिळाली. वाटी हातात देताना काका कलमही देतात: "२४३-यू. मुदत पाच वर्षं. मुदत संपायच्या आत निवडणूक. आत! नंतर नव्हे." आणि १० सप्टेंबरला गोड बंद. २०२० साली त्या दिवशी बंगळुराच्या शेवटच्या निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपली. काका त्याला वर्षश्राद्ध म्हणतात आणि काकू "शुभ बोला हो" म्हणत देवापुढे साखर ठेवतात.

त्यांच्याकडे एक हजेरीपट आहे. जुन्या डायरीच्या मागच्या पानावर आखलेला. नवा श्रोता मिळाला की तो निघतो. २००७ च्या जानेवारीत भोवतालच्या सात नगरपालिका, एक छोटी पालिका आणि शंभराहून जास्त गावं जोडून बृहत् बेंगळूरु महानगर पालिका झाली. शहर केवढ्याचं केवढं झालं! सभागृह? आदल्या नोव्हेंबरातच मुदत संपली होती. गैरहजर. निवडणूक झाली थेट २०१० मध्ये. एप्रिल २०१५: शहराचे तुकडे करायचं विधेयक विधानसभेत आलं. सभागृह? दोनच दिवस आधी बरखास्त. गैरहजर. डिसेंबर २०२०: बंगळुरापुरता वेगळा पालिका कायदा. सभागृह? तीन महिन्यांपूर्वी गेलं. गैरहजर. जुलै २०२४: ग्रेटर बेंगळूरु प्रशासनाचं विधेयक, शहराच्या अनेक पालिका करण्याची तरतूद. सभागृह? इथे काका नुसते डायरी मिटतात.

"शहराला विचारायची वेळ आली की शहर घरात नसतं बघ," ते म्हणतात. "आयुक्त सरकारनं नेमलेला, प्रशासक सरकारनं नेमलेला. सरकार विचारणार, 'काय, तुमची काही हरकत?' आणि सरकारच उत्तर देणार, 'छे छे, मुळीच नाही.'" मला हे दरवेळी थोडं अतिशयोक्त वाटतं. पण हजेरीपट खोटा नाही, हेही खरं.

वॉर्डांवर तर काका बोलायला लागले की कॉफी निवते. १९८ वॉर्ड होते. मग कायद्यानं २४३ केले. २०२३ मध्ये २२५ झाले. "वॉर्ड वाढतात, कमी होतात, पुन्हा वाढतात. नगरसेवक मात्र ठाम. शून्य म्हणजे शून्य." मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेचीही मुदत संपली आणि तिथे प्रशासक आला, तेव्हा काकांनी दादरच्या मेव्हण्याला मुद्दाम फोन केला. हे मेव्हणे आयुष्यभर १८८८ च्या आपल्या पालिका कायद्याचा तोरा मिरवत आलेले. काका गंभीर आवाजात म्हणाले, "कळलं. वाईट झालं. काही लागलं तर सांगा, आम्हाला सवय आहे."

२०२४ चं विधेयक संयुक्त चिकित्सा समितीकडे गेलं, तो काकांच्या कारकिर्दीतला सुवर्णकाळ. समितीचे अध्यक्ष रिझवान अर्शद, शिवाजीनगरचे आमदार. "शिवाजीनगर! अध्यक्षच आपल्या पेठेतला. शुभशकुन आहे." मग त्यांनी नेहमीची उजळणी केली: १६३८ च्या सुमाराला विजापूरकरांनी बंगळूर जिंकलं, शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालं, म्हणजे या शहराच्या कारभाराबद्दल मराठी माणसानं मत देणं हा काही आगाऊपणा नव्हे. काकू आतून म्हणाल्या, "शहाजीराजांनी हरकत घेतली होती का तूप कमी म्हणून?"

त्या रविवारी सभा दुपारच्या जेवणापर्यंत चालली. मुख्य हरकत अशी, की विधेयकातल्या नव्या प्राधिकरणाचे अध्यक्ष खुद्द मुख्यमंत्री. "अरे, त्या माणसानं राज्य बघायचं की आमच्या अकराव्या क्रॉसचं गटार? आणि गटार तुंबलं तर मी तक्रार कुणाकडे करू? मुख्यमंत्र्यांची तक्रार मुख्यमंत्र्यांकडे?" मी म्हटलं, "काका, पण पोलीस, मेट्रो, पाणी, वीज, सगळे एका टेबलाशी बसवायला कुणीतरी मोठा लागतोच ना? एक खातं रस्ता करतं, दुसरं लगेच उकरतं." काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पक्षांतर केलंय. मग निळं पेन उचलून लिहिलं: 'एका सदस्याने भिन्न मत नोंदवले.' त्या दिवशी माझ्याकडे अनुमोदन मागितलं नाही. कोरम मोडेल म्हणून घरीही जाऊ दिलं नाही.

ते निवेदन द्यायला मीच त्यांना स्कूटरवरून नेलं. वाटेत विधानसौध लागतं. कपाळावर कोरलेलं आहे: सरकारचं काम म्हणजे देवाचं काम. काका मागून ओरडले, "म्हणूनच नैवेद्य दाखवताना पडदा ओढतात!" सिग्नलला शेजारचा रिक्षावाला दचकला.

ज्या कार्यालयात गेलो तिथल्या खिडकीवरच्या माणसानं निवेदन घेतलं आणि गठ्ठ्यावर टाकलं. काका हलेनात. "पोच?" "घेतलंय की सर." "शिक्का?" "शिक्कावाले जेवायला गेलेत. स्वल्प अड्जस्ट माडी सर." म्हणजे, थोडं सांभाळून घ्या. हे बंगळुराचं ब्रीद. या तीन शब्दांवर इथे बस, लग्नाची पंगत, पार्किंग आणि राज्यघटना सगळं चालतं. काका अॅडजस्ट झाले नाहीत. बाकावर बसले, पिशवीतून डबा काढला, दशमी खाल्ली, अर्धी त्या माणसाला दिली. मुलगा काय शिकतो, गाव कुठलं, अशी चौकशी झाली. तासाभरानं शिक्का आला. बाहेर येऊन पाहतो तर तारीख कालची. मला वाटलं, आता पुन्हा आत. पण काकांचा चेहरा फुलला होता. "बघितलंस? आपण एक दिवस आधीच पोचलो." त्या आनंदात त्यांनी मला सीटीआरमध्ये बेण्णे दोसा खिलवला. रांगेत उभं राहून कलम सातवरची दुरुस्तीही ऐकवली.

हसतात सगळे. इमारतीच्या व्हॉट्सअॅप गटावर काकांचा ठराव आला, की पोरं हात जोडल्याच्या चित्रांची रांग लावतात. पण २०२४ च्या शेवटी ई-खात्याचा, म्हणजे मालमत्तेच्या ऑनलाइन पालिका-दाखल्याचा घोळ सुरू झाला, ई-खात्याशिवाय फ्लॅटची विक्री नोंदेना, तेव्हा हीच पोरं लॅपटॉप घेऊन दुसऱ्या मजल्यावर. लाखांत पगार घेणारी ही मंडळी कर-पावतीवरचा क्रमांक कुठे असतो ते काकांना विचारत होती. काकांकडे सगळ्यांच्या झेरॉक्स होत्या. ज्यांच्या स्वतःकडे नव्हत्या त्यांच्यासुद्धा. आणि एका पावसाळ्यात तळघरात पाणी शिरलं, तेव्हा मागचं राजकालुवे, म्हणजे पावसाच्या पाण्याचा मोठा नाला, कुठून कुठे जात होतं, त्यावर कुणी काय बांधलं, हा नकाशा सुरनळी करून काकांच्या कपाटावर होता. पंपवाल्याला त्यांनी छत्रीच्या टोकानं जागा दाखवली. पाणी उतरल्यावर चहा न घेता वर गेले, कारण तक्रारीचा मसुदा डोक्यात ताजा होता.

विधेयक मार्च २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. पण राज्यपालांनी ते खुलासे मागून परत पाठवलं, आणि काका जिन्यातूनच ओरडत आले. "मिळालं त्यांना! राजभवनाला प्रत पाठवली होती मी, म्हटलं नव्हतं?" एप्रिलमध्ये राज्यपालांची सही झाली. काका दोन दिवस गप्प. मग म्हणाले, "दुसरं पत्र टपालात गहाळ झालेलं दिसतंय."

२ सप्टेंबर २०२५ ला बंगळुराच्या पाच पालिका झाल्या: मध्य, उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम. मल्लेश्वरम गेलं पश्चिमेत आणि गांधीनगरचं महाराष्ट्र मंडळ मध्यमध्ये. तेव्हापासून मंडळाच्या कार्यक्रमाला निघताना काका काकूंना सांगतात, "परगावी जाऊन येतो." काकूही पाण्याची बाटली देतात.

मग वॉर्डांचा मसुदा आला. पाच पालिका मिळून ३६८ वॉर्ड, त्यातले एकट्या पश्चिमेचे १११. हरकती मागवल्या. काकांनी चार पानी निवेदन दिलं: इतके वॉर्ड हा पैशांचा चुराडा आहे, पश्चिमेतले निदान निम्मे कमी करावेत. सूचक काका, अनुमोदक मी, काकू तटस्थ. नोव्हेंबरात अंतिम यादी लागली. एकूण ३६९. वाढलेला एक वॉर्ड पश्चिमेतच, आता ११२.

काका पेढे घेऊन दारात. "बघितलंस? हललं! आकडा हलला!"

"अहो, पण तुम्ही कमी करा म्हणून लिहिलं होतं," मागून काकू म्हणाल्या. "त्यांनी वाढवला."

"तेच तर सांगतोय," काका म्हणाले. "वाचल्याशिवाय कुणी नेमकं उलटं करील काय? घे, पेढा घे. आणि रविवारी लवकर ये, त्या वाढलेल्या वॉर्डावर हरकत घ्यायची आहे."