टुचींचं ताट आणि वाचकाची कुरकुर

स्टॅन्ली टुची यांचं ‘टेस्ट’ हे खाद्य-आत्मचरित्र 2021 साली आलं. ते एका बैठकीत संपवणाऱ्या एका वाचकाची तक्रार अशी, की नटाच्या पुस्तकात सिनेमा तोंडी लावण्यापुरता. मेरिल स्ट्रीप भेटते ती फ्रान्समधल्या हॉटेलात, समोर आतड्यांचं सॉसेज, आणि लक्षात राहतो तो त्या आंदुयेतचा वास!

टिम्पानोचं तर विचारूच नका. ढोलाएवढ्या कवचात पास्ता, मीटबॉल, सलामी, उकडलेली अंडी, चीज ठासून भरायचं, भाजायचं आणि ते कापेपर्यंत घरादाराने श्वास रोखून धरायचा. ‘बिग नाइट’मध्ये (1996) टुचींनी हाच पदार्थ पडद्यावर आणला होता. वाचक म्हणतो, कृती वाचूनच पोट भरलं, हा घाट घालणार कोण?

शेवटाकडे जिभेच्या मुळाशी झालेला कॅन्सर येतो. चवीवर जगणाऱ्या माणसाला सहा महिने नळीतून अन्न. इथे मात्र वाचकाची कुरकुर थांबते.

पण फार वेळ नाही. 2024 मध्ये टुचींनी वर्षभर काय काय खाल्लं त्याची रोजनिशीच छापली. ‘आता हेही आम्ही वाचायचं?’ असं म्हणत त्याने ती मागवली आहे.