वजा ३७६०

बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, कुटुंबाची अलिबागवारी हा एक स्वतंत्र प्रवासप्रकार आहे. तो तीर्थयात्रेत बसत नाही, कारण यात्रेत देवाचा पत्ता निदान ठरलेला असतो. सहलीतही बसत नाही, कारण सहलीला कुणी खराटा घेऊन निघत नाही. अश्दोद, लोद, दिमोना, बीरशेबा अशा गावांतून एकाच घराच्या तीन पिढ्या मुंबईत उतरतात आणि खाडीपलीकडे कुठल्याशा माडाखाली निजलेल्या खापरपणजोबांना शोधायला लागतात. बहुतेक घरे १९५० आणि ६० च्या दशकांत इस्रायलला गेली. खापरपणजोबा मागे राहिले.

अशा ताफ्यात साधारण चार प्रकारची माणसे असतात. पहिली आजी. ती लहानपणी अलिबाग सोडून गेली आणि तिचे मराठी त्या दिवशी जिथे होते तिथेच आहे, त्यामुळे ती रिक्षावाल्याशी बोलू लागली की त्याला आपली वारलेली पणजी आठवते. दुसरे बाबा. त्यांचे मराठी स्वयंपाकघर आणि शिव्या या दोन खात्यांपुरते, बाकी सगळा कारभार हिब्रूत. तिसरी नातवंडे, ज्यांच्या हातात फोन असतो. आणि चौथा एक मामा, ज्याला रस्ता ठाऊक असतो. प्रवास लांबतो तो मुख्यतः मामामुळे.

आडनाव हा या प्रवासाचा नकाशा. किहीमकर, पेणकर, थळकर, रोहेकर, झिराडकर, नवगावकर, दिवेकर: कोकणातल्या शंभराहून अधिक गावांनी या समाजाला आडनावे पुरवली आहेत. ‘बेने इस्रायल’चा पहिला मोठा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल केहीमकर आडनावाने किहीमचेच. म्हणून गावाच्या पाटीखाली उभे राहून फोटो काढणे हा विधी कबरीच्याही आधी उरकला जातो. पाटीवर एखाद्या वाढदिवसाचा फलक लावलेला असेल, तर वाढदिवसवालाही फोटोत येतो आणि पुढे दिमोनातल्या दिवाणखान्यात नातेवाईक म्हणून खपतो.

वार निवडताना शनिवार वगळावा लागतो. शब्बाथला दफनभूमीत जायचे नसते. यात नवीन काही नाही. तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणूनच गावाने त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव दिले. शुक्रवारीही सूर्यास्ताच्या आत मुक्काम गाठायचा असतो. ज्याने वडखळ नाक्यावरची वाहतूक पाहिली आहे, त्याला हा नियम रस्त्याने पाळण्यातली जोखीम समजावून सांगावी लागत नाही. म्हणून लाँच बरी.

लाँच गेटवेहून मांडव्याला जाते. समाजाची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचे जहाज नवगावजवळ खडकावर फुटले आणि सात पुरुष व सात बायका एवढीच माणसे जिवंत किनाऱ्याला लागली. वंशज त्याच पाण्यातून तासाभरात जातात, समुद्रपक्ष्यांना वेफर्स चारत. आजी मात्र पूर्ण वेळ कठडा धरून असते. घराण्याला या पट्ट्यातला अनुभव चांगला नाही, असे तिचे म्हणणे. पूर्वजांना निदान उतरल्यावर बसची रांग लावावी लागली नव्हती.

अलिबागेत पोचल्यावर नातवंडांना पहिला धक्का भाषेचा बसतो. ‘मी काय अलिबागहून आलोय?’ असे विचारणारा मराठी माणूस स्वतःला शहाणा समजत असतो. हा वाक्प्रचार बंद करा, अशी याचिकाही मुंबई उच्च न्यायालयात झाली होती. २०१९ साली न्यायालयाने ती फेटाळली. या प्रश्नाला ‘हो’ असे अभिमानाने उत्तर देऊ शकणारी, त्यातही विमानाने येऊन देणारी, माणसे फार थोडी. गावाचे नावच अली नावाच्या एका श्रीमंत बेने इस्रायली गृहस्थाच्या बागांवरून पडले, अशी एक आख्यायिका आहे. ती ऐकल्यावर मामा खांदे जरा मागे घेऊन चालू लागतो, जणू सातबारा त्याच्या खिशात आहे. कान्होजी आंग्र्यांनी शहर वसवले, ही गोष्ट आजी त्याला इस्रायल आळीत शिरताना सांगते. आळीतले मागेन अबोथ हे सिनेगॉग १८४८ चे, आताची इमारत १९१० ची.

जेवण हा प्रवासाचा सर्वांत प्रदीर्घ भाग. कोळंबी, तिसऱ्या, कुर्ल्या या तिन्ही गोष्टी निषिद्ध आणि खानावळीच्या फळ्यावर नेमक्या त्याच तिन्ही ठळक खडूने लिहिलेल्या. पर आणि खवले असलेला मासाच चालतो. परंपरेप्रमाणे दाविद रहाबी नावाच्या ज्यू गृहस्थाने या लोकांची परीक्षा माशांवरच घेतली होती. त्याने सगळे मासे एकत्र करून बायकांपुढे ठेवले. त्यांनी बिनखवल्यांचे बाजूला काढले, तेव्हा त्याची खात्री पटली की ही मंडळी आपलीच. आजी आजही खानावळीच्या थाळीवर तीच परीक्षा घेते. वाढणाऱ्या पोराला ती विचारते, “ह्याला खवलं होती का रे, बाळा?” पोरगा सांगतो, “होती आजी, पण काढली.” त्यावर पाच मिनिटे चर्चा होऊन अखेर पापलेट येते. नारळाच्या रसातले कालवण या घरांना फार पूर्वीपासून सोयीचे, कारण मांसाच्या जेवणात दूध चालत नाही आणि नारळ मात्र दुधासारखा वागूनही दूध नव्हे.

मग दफनभूमी. रान वाढलेले असते, म्हणून खराटा आणि कोयता. मामाने ‘आंब्याच्या झाडापासून तिसरी’ अशी खूण आणलेली असते. ती सांगणारे गृहस्थ वारले आणि आंबाही. शिळा सापडतात त्यांवर बरेचदा हिब्रू आणि मराठी दोन्ही. हिब्रू उजवीकडून डावीकडे, मराठी डावीकडून उजवीकडे. बाबा एका टोकाने वाचत येतात, आजी दुसऱ्या टोकाने, आणि दोघांची गाठ नावावर पडते. नावांतही भानगड असते. सॅम्युएलचा सामाजी आणि यहेजकेलचा हसाजी कोकणात कधीच झालेला होता. मुंबईतले १७९६ चे पहिले सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल यहेजकेल दिवेकर म्हणजे घरचे सामाजी हसाजी. नातू ‘सॅम्युएल’ शोधत सामाजीवरून तीनदा चालत जातो.

खरी कसोटी साल काढण्याची. हिब्रू साल अक्षरांत लिहितात आणि हजारांचा आकडा गाळण्याची रीत आहे. ताव म्हणजे ४००, रेश म्हणजे २००, त्सादी म्हणजे ९०. नातू बेरीज करून जाहीर करतो की खापरपणजोबा सन ६९० मध्ये वारले. म्हणजे बदामीच्या चालुक्यांच्या अमलात. घरात क्षणभर आदर पसरतो. मग बाबा गाळलेले ५००० परत घालतात, ५६९० मधून ३७६० वजा करतात आणि उत्तर येते १९३०. पितर बाराशे चाळीस वर्षांनी तरुण होतात. वारले ते हिब्रू नववर्ष आणि ३१ डिसेंबर यांच्या मध्ये असतील तर ३७६१ वजा करायचे असते. हे ज्याला आठवते त्याच्याशी त्या दिवशी कुणी बोलत नाही.

कबर सापडली की काम दहा मिनिटांचे. नातवंडे रीतीप्रमाणे खडा ठेवतात. आजीने झेंडूचा हार आणलेला असतो. दगड की फूल यावर मतभेद होतो आणि दोन्ही ठेवले जाते. आजी शिळेवरची धूळ पदराने पुसते, नंतर ओल्या रुमालाने, नंतर पुन्हा कोरड्या पदराने. नावाचे पहिले अक्षर नीट दिसेपर्यंत ती उठत नाही. हे चालू असताना मामासुद्धा गप्प असतो.

ज्यांना कबर सापडत नाही त्यांच्यासाठी नवगाव आहे. जहाज फुटले तेव्हा किनाऱ्याला लागलेली प्रेते तिथे पुरली, अशी परंपरा: एका उंचवट्याखाली पुरुष, दुसऱ्याखाली बायका. तिथे आता स्मारकस्तंभ आहे. नावे नसल्यामुळे वाचण्याचा प्रश्न नाही, वजाबाकी नाही, आणि प्रत्येकाला आपला पूर्वज हमखास भेटतो. सोय म्हणून ही जागा सर्वांत चांगली.

नवस असेल तर पुढे खंडाळे. हे अलिबागजवळचे, पण नातवाचा फोन घाटातल्या खंडाळ्याचा रस्ता दाखवत असतो आणि एखादे कुटुंब खोपोलीपर्यंत जाऊन परत फिरते. इथल्या खडकावर एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या रथाची आणि घोड्याच्या टापांची खूण आहे, असे मानतात. मलिदा इथेच करायचा: भिजवलेले पोहे, खोवलेला नारळ, साखर, वेलची, वर फळे. प्रार्थना आटोपल्यावर ताट फिरते. पोहे कुणी आणायचे हे अश्दोदमध्येच ठरलेले असते, त्यामुळे ते दोघांनी तरी आणलेले असतात.

शेवटी दक्षिणेला चौल आणि रेवदंडा. चौल एकेकाळी मोठे बंदर; इथे अरब आले, पोर्तुगीज आले आणि १५ व्या शतकात आफनासी निकितीन हा रशियन व्यापारी उतरला. गोऱ्या माणसाला पाहायला लोक मागे लागत, अशी त्याची नोंद आहे. नातवंडांना बघायला आता कुणी जमत नाही. लोक जमतात ते आजीचे मराठी ऐकायला. रेवदंड्याच्या किल्ल्यातला सातखणी बुरूज पाहावा, मात्र सात खण मोजायला जाऊ नये. तेवढे उरलेले नाहीत. तिथले बेथ एल सिनेगॉग १८४२ चे. किल्ली कुणाकडे आहे ते शेजारच्या घरी विचारावे, आणि विचारायला आजीला पुढे करावे.

दफनभूमीतून बाहेर पडताना हात धुण्याची रीत आहे. फाटकाशी नळ असेलच असे नाही, तेव्हा पाण्याची एक बाटली वेगळी ठेवावी आणि ती मामाकडे देऊ नये.