ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांच्या दप्तरास जालन्याहून आभारपत्र

श्रीमंत आर्थर वेलस्ली ऊर्फ पहिले ड्यूक ऑफ वेलिंग्टन, मुक्काम विशेष संग्रह विभाग, हार्टले ग्रंथालय, साउथॅम्प्टन विद्यापीठ, यांचे सेवेशी जालना जिल्ह्यातील समस्त इतिहासवाचकांचे साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

ड्यूकसाहेबांचा देह 1852 पासून लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये विसावला असला, तरी त्यांचा खरा मुक्काम 1983 पासून साउथॅम्प्टनलाच आहे. कारण वारसाकराच्या बदल्यात ब्रिटिश सरकारने स्वीकारलेले त्यांचे दप्तर, म्हणजे सुमारे 1 लाख कागद, त्या वर्षी तेथील विद्यापीठाच्या स्वाधीन झाले. विशेष संग्रह म्हणजे ज्यांची दुसरी प्रत बाजारात मिळत नाही अशा कागदांचा आणि दुर्मीळ ग्रंथांचा साठा. तो घरी नेता येत नाही, आणि वाचनकक्षात बसून टिपणे घ्यायची तर शाईचे पेन बाहेर ठेवून शिसपेन्सिलच वापरावी लागते. या दप्तरात भारतातील मोहिमांचेही कागद असल्यामुळे जालना जिल्ह्याच्या इतिहासातील सर्वांत गाजलेल्या दिवसाचा माग घेऊ पाहणाऱ्याला पासपोर्टाची सोय आधी करावी लागते, आणि या गैरसोयीबद्दल जिल्हा ड्यूकसाहेबांचा शतशः ऋणी आहे; कारण कागद येथे राहिले असते, तर ते वाळवीच्या विशेष संग्रहात जमा झाले असते, असे येथील जाणकार मोठ्या अभिमानाने सांगतात.

तो दिवस 23 सप्टेंबर 1803 चा. 2 सप्टेंबरला ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील कर्नल स्टीव्हन्सन यांनी जालना घेतले, 21 सप्टेंबरला ते आणि वेलस्लीसाहेब या दोघा सेनानींची बदनापुरात मसलत झाली, आणि दोन दिवसांनी केळणा व जुई या नद्यांच्या बेचक्यातील असई गावाजवळ दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांशी साहेबांची गाठ पडून लढाई झाली. बदनापूर आज रोज ये-जा करणाऱ्यांना बसथांबा आणि रेल्वे स्टेशन म्हणून ठाऊक आहे. साहेबांच्या पत्रव्यवहारात मात्र ते ‘बुदनापूर’ होते, भोकरदनचे ‘बोकरदन’ होते आणि केळणेची ‘कैटना’ होते. दप्तराची सूची, म्हणजे कोणत्या गठ्ठ्यात काय आहे हे सांगणारी यादी, ज्या शब्दाने शोधावी त्याच शब्दाने उत्तर देते. म्हणून जालन्याच्या माणसाला स्वतःचे गाव सापडण्यासाठी आधी त्याचा उच्चार बिघडवण्याचा सराव करावा लागतो.

साहेबांच्या हिशेबीपणाचे कौतुक करावे तेवढे थोडे. कंपनीच्या बाजूचे 428 ठार, जखमी आणि बेपत्ता धरून एकूण नुकसान 1,584. इतका नेमका आकडा लागला, कारण पलटणींची हजेरी होती. समोरच्या मृतांसाठी मात्र सुमारे 1,200 ही गोल संख्या पुरेशी ठरली, आणि ज्या गावाच्या शिवारात हे सारे घडले त्याच्या रयतेसाठी त्या तक्त्यात रकानाच नव्हता. अभिलेखागार, म्हणजे कागद जपणारी संस्था, खोटे बोलत नाही; ज्याने रकाने आखले त्याच्या आज्ञेत राहून ते खरे बोलते, आणि जपणूक जितकी उत्तम तितकी ही आज्ञा दीर्घायुषी होते.

हाच अनुभव जिल्ह्याला दुसऱ्यांदाही येतो, आणि योगायोग असा की त्याच ग्रंथालयात. 1947-48 मध्ये जालना निजामाच्या राज्यात असताना ज्यांनी हैदराबादशी वाटाघाटी चालवल्या आणि ज्यांच्या कारकिर्दीत 29 नोव्हेंबर 1947 चा ‘जैसे थे’ करार झाला, त्या गव्हर्नर जनरल लॉर्ड माउंटबॅटन यांचे दप्तरही साउथॅम्प्टनलाच असून विद्यापीठाने ते 2011 मध्ये विकत घेतले; त्यांतील रोजनिशा खुल्या व्हाव्यात म्हणून एका इतिहासलेखकाला माहिती अधिकाराची दीर्घ लढाई लढावी लागली. इकडे पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागद रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत, बांधलेले आहेत, निजामाच्या कारभाराचे फारसी-उर्दू कागद हैदराबादेत आहेत. ते उघडण्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नाही, फक्त लिपी शिकावी लागते, आणि जिल्ह्यातील बहुसंख्य विद्वानांना यांपैकी समुद्रच सोपा वाटतो.

तरी एक बारीकशी विनंती आहे. असईच्या लढाईआधी केळणेला उतार, म्हणजे पाण्यातून पलीकडे जाण्याजोगी जागा, नाही, असे वाटाड्यांनी सांगितल्यावरही पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे समोरासमोरच्या काठांवर पाहून साहेबांनी ताडले की त्यांच्यामध्ये उतार असलाच पाहिजे, आणि तो निघाला; शब्दावर न विसंबता खुणेवरून निष्कर्ष काढण्याचा हा धडा प्रत्येक संशोधकाने गिरवावा असा आहे. परंतु आपल्याच मुलखातल्या नदीचा उतार वाटाड्यांना ठाऊक नव्हता, यावर या भागात कोणाचा विश्वास बसणे कठीण. समोरासमोरच्या गावांत सोयरीक नसणे जितके अशक्य, तितकेच हेही. तेव्हा त्या 1 लाख कागदांत एखाद्या पाठीवर, एखाद्या समासात, त्या वाटाड्यांपैकी एकाचे तरी नाव लिहिलेले असल्यास ते जालन्यास कळवण्याची तजवीज व्हावी.

बहुत काय लिहिणे, लोभ असावा ही विनंती.