बेजोड!

आपल्याकडे कुणाचं कौतुक करायचं म्हटलं की एक शब्द तयार असतो: बेजोड. याला जोड नाही, पंचक्रोशीत असा दुसरा सापडायचा नाही! गायकाला लावा, पहिलवानाला लावा, अमरावतीतल्या गिलावड्याच्या गाडीवाल्याला लावा. फक्त फुटबॉलच्या स्टॉपरला, म्हणजे मधल्या बचावपटूला, लावू नका.

त्याच्या बाबतीत ते रोगाचं निदान असतं.

मध्यंतरी एका रविवारी अमरावतीत एक सामना पाहायला गेलो होतो. अकोल्याहून पाहुणा संघ आला होता. आपले दोन्ही स्टॉपर अंगानं भरलेले, एकाच्या गुडघ्याला क्रेप बँडेज, दुसऱ्याचे बूट नवेकोरे. पाहुण्यांच्या गोलकीपरनं लांब लाथ घातली. चेंडू वर गेला, उन्हात दिसेनासा झाला आणि बरोब्बर दोघांच्या मधोमध उतरायला लागला.

"तुहा!" एक ओरडला.

"तुहा!" दुसरा ओरडला.

चेंडूनं एक टप्पा खाल्ला. तेवढ्यात काडीसारखा एक अकोलेकर पोरगा दोघांच्या मधून निघून गेला आणि गोल झालासुद्धा. मग आपल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "मले वाटलं तू घेशीन." "अन् मले वाटलं तू." इतका आग्रह वऱ्हाडात एरवी लग्नाच्या पंगतीतही होत नाही.

प्रशिक्षकांनी तडक गोलकीपर बदलला. छप्पर गळतं म्हणून बादली बदलावी, तसा.

मुळात आपल्याकडे स्टॉपर निवडतात कसे? ज्याच्या पायात चेंडू राहतो तो पुढे. ज्याला पळता येतं तो कडेला. जो सरांच्या ओळखीचा तो मध्ये. एवढं झाल्यावर जे दोघं उरतात, ते मागे. मीही शाळेत असाच मागे गेलो होतो. वजन हा माझा एकमेव गुण. सर म्हणाले, "तू फक्त उभा राह्य, बाप्पा." तीन वर्षं उभा होतो. पुढे नोकरीतही तेच केलं.

तिथे त्याला अनुभव म्हणतात.

आता गंमत बघा. जोड म्हणजे काय, हे वऱ्हाडाला शिकवायची गरज आहे का? तळेगाव दशासरच्या शंकरपटाला जाऊन या. एकटा बैल कितीही वाऱ्यासारखा पळो, त्याच्या तोलाचा दुसरा नसेल तर मालक कपाळाला हात लावून बसतो. एक पुढे, एक हातभर मागे, की जू तिरपं आणि धुरकऱ्याची शोभा. पटाच्या मैदानात 'याला जोड नाही' हे कौतुक नसतं, ती मालकाची रड असते. शर्यतींवर २०१४ साली बंदी आली तर माणसं सुप्रीम कोर्टापर्यंत भांडत गेली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाचा शिक्का घेऊनच परत आली.

स्टॉपरच्या जोडीसाठी कुणी मैदानाच्या पलीकडच्या टोकापर्यंत जात नाही.

बरं, बैल सोडा. कबड्डी? १९१४ साली उभ्या राहिलेल्या आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला जाऊन देशी खेळ दाखवून आली. त्या कबड्डीत कोपऱ्यानं घोटा धरला की कव्हरनं त्याच क्षणी अंगावर पडायचं असतं. तो अर्धा श्वास थांबला तर चढाईवाला रेषेला हात लावून मोकळा, आणि धरणारा बाद. गल्लीतलं शेंबडं पोर हे जाणतं. तेच पोर फुटबॉलचे बूट घालतं आणि विसरतं.

बुटात काहीतरी असावं.

स्टॉपरच्या जोडीचं गणित याहून वेगळं नाही. एकानं पुढे होऊन भिडायचं, उडी मारायची, धक्का घ्यायचा. दुसऱ्यानं दोन पावलं मागे, तिरपं उभं राहून जे निसटेल ते गोळा करायचं. दुसऱ्या चेंडूला कामं उलट. कोण भिडणार आणि कोण झाकणार हे चेंडू हवेत असतानाच ठरायला हवं, आणि ठरवायला तोंड लागतं. चांगले स्टॉपर नव्वद मिनिटं बडबडत असतात. आपले मुके. घरी आईनं सांगितलेलं असतं, खेळताना बोलू नये.

आणि उंची! स्टॉपर म्हणजे ताडमाड, ही आपली ठाम समजूत. २००६ चा विश्वचषक आठवा. इटलीनं सात सामन्यांत दोन गोल खाल्ले. एक स्वतःच स्वतःवर मारलेला, दुसरा अंतिम सामन्यात झिदानची पेनल्टी. म्हणजे समोरच्याला चालत्या खेळात एकही नाही. मध्ये उभा होता फाबिओ कानावारो, उंची पाच फूट नऊ इंच. शेजारचा नेस्ता स्पर्धेच्या मध्यातच जायबंदी झाला, त्याच्या जागी आडदांड मातेराझ्झी आला. कानावारो जमिनीवरचं वेचायचा, मातेराझ्झी हवेतलं. त्या वर्षीचा बॅलन डी'ओर कानावारोनं नेला.

आपल्या निवड चाचणीत तो उंचीच्या रांगेतूनच घरी गेला असता.

तुम्ही म्हणाल, एवढा महत्त्वाचा माणूस, तर त्याची बातमी का येत नाही? येते की. त्यानं गोल मारला की येते. मुंबईचा राहुल भेके घ्या. बचाव हाच त्याचा धंदा. १७ मार्च २०१९ ला आयएसएलच्या अंतिम सामन्यात बेंगळुरूसाठी ११७ व्या मिनिटाला गोव्यावर हेडर मारला, विजेतेपद मिळालं, फोटो छापून आला. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला मुंबई सिटीसाठी इराकच्या एअर फोर्स क्लबवर पुन्हा डोक्यानंच विजयी गोल केला. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय. पुन्हा फोटो. त्या दोन रात्री त्यानं किती चेंडू अडवले? विचारा कुणालाही.

अडवलेल्या चेंडूचा फोटो काढायचा तरी कसा?

हा फुटबॉलचाच दोष, असंही समजू नका. आपल्या अमरावतीचा जितेश शर्मा यष्टीरक्षक आहे. म्हणजे अडवणारा. पण २७ मे २०२५ ला लखनऊमध्ये त्यानं ३३ चेंडूंत नाबाद ८५ काढले, तेव्हा कुठे अर्ध्या गावाला कळलं की हा आपल्या गावचा. यष्टीमागचे झेल काय, ते होतातच.

आता देशाच्या संघाकडे या. इथे तर जोडीचा नुसता संसारच आहे. संदेश झिंगन कायमचा, शेजारी मात्र भाडेकरूसारखे बदलत गेलेले. जानेवारी २०१९, आशिया चषक: शेजारी अनस एडथोडिका. बहरीनविरुद्ध बरोबरी पुरेशी असताना अनस चौथ्याच मिनिटाला दुखावून बाहेर गेला. संघ नव्वद मिनिटं तगला आणि भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर घरी आला. अनसनं तेव्हा आंतरराष्ट्रीय फुटबॉललाच रामराम केला.

भाडेकरू दुसरा: गोव्याचा आदिल खान. सप्टेंबर २०१९, दोहा. आशियाई विजेता कतार समोर आणि निकाल ०-०. गोलकीपर गुरप्रीत भिंत झाला हे खरं, पण भिंतीपुढे दोन खांब होते. महिन्याभरानं कोलकात्यात बांगलादेशविरुद्ध लाज राखणारा गोल कुणी मारला? याच आदिलनं, ८८ व्या मिनिटाला. लक्षात काय राहिलं हे सांगायला हवं का?

तिसरा अन्वर अली. २०२३ च्या उन्हाळ्यात ही जोडी अशी जमली की सलग आठ सामन्यांत भारतावर गोल नाही. नववा सामना कुवेतशी. भरपाई वेळेत गोल झाला, तो अन्वरचा स्वतःच्याच जाळ्यात. कुवेतला जमेना, म्हणून घरच्यांनी मदत केली.

पण ती जोडी होती. मग अन्वर जायबंदी झाला आणि जानेवारी २०२४ च्या आशिया चषकाला झिंगनशेजारी भेके उभा राहिला. ऑस्ट्रेलियाचे दोन, उझबेकिस्तानचे तीन, सीरियाचा एक. सहा गोल खाल्ले म्हणून बचावाच्या नावानं शंख झाला. तीन सामन्यांत आपण मारले किती? शून्य.

पुढच्यांना कुणी काही बोललं नाही. ते बिचारे दमले होते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये तर कळसच. सिंगापुरातल्या सामन्यात झिंगनला लाल कार्ड. पाच दिवसांनी मडगावला परतीचा सामना, आणि कायमचा मालकच घराबाहेर. १-० ची आघाडी घेऊन आपण १-२ हरलो आणि २०२७ च्या आशिया चषकाचं दार बंद झालं.

दाराची कडी लावायला दोन हात लागतात.

परदेशात सगळं आलबेल आहे, असंही नाही. बार्सिलोनानं हान्सी फ्लिकच्या हाताखाली बचावाची रेषा पार मैदानाच्या मध्याजवळ नेऊन ठेवली. कुबार्सी आणि इनिगो मार्तिनेस एकाच क्षणी एक पाऊल पुढे टाकायचे आणि समोरचा ऑफसाइडच्या सापळ्यात. २६ ऑक्टोबर २०२४ ला माद्रिदमध्ये रेआल बारा वेळा अडकली. त्यात एकटा एम्बापे आठ वेळा. शेतातल्या बुजगावण्यालाही पाखरं इतक्यांदा फसत नाहीत. पुढच्या एप्रिल-मेमध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत इंटरनं याच रेषेला दोन सामन्यांत सात गोल मारले. बार्सिलोना जिंकतेय असं वाटत असताना ९३ व्या मिनिटाला बरोबरी साधणारा कोण? फ्रान्चेस्को आचेर्बी, वय ३७, धंदा स्टॉपरचा.

ऑगस्टमध्ये मार्तिनेस सौदीच्या अल-नसरला गेला. कुबार्सी होता तिथेच राहिला. एका खांबावर दोरी बांधून कपडेसुद्धा वाळत घालता येत नाहीत, सापळा कुठला?

आपली पोरं हे सगळं रात्री साडेबाराला मोबाइलवर बघतात. सकाळी हालान्डची जर्सी घालून तासाच्या भाड्यानं टर्फवर जातात. तिथे पाच-पाच जणांचा खेळ आणि ऑफसाइड नावाचा प्रकारच नाही. मी एकाला विचारलं, ऑफसाइड म्हणजे काय रे? तो म्हणाला, "टीव्हीवर रेघ मारतात ना काका, थे."

रेघ मारतात एवढं खरं. पोरांपर्यंत ती पोचतच नाही.

जोडीवरून आठवलं. वऱ्हाडाचे दोन स्टॉपर कोण? अमरावती आणि अकोला. मधला रस्ता जागतिक दर्जाचा: जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर अंथरून गिनेसमध्ये नाव गेलं. रस्ता पाच दिवसांत होतो. बोलणं कधी होणार? विमानतळाच्या चेंडूवर दोघांनी एकदमच उडी मारली. अमरावतीच्या बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ ला विमान उडालं. अकोल्याच्या शिवणी विमानतळाच्या धावपट्टीची चर्चा तेवढी लांबत राहिली, धावपट्टी आहे तेवढीच. या गडबडीत सिंचनाचा अनुशेष दोघांच्या मधोमध टप्पा खात केव्हाच गोलमध्ये जाऊन बसला.

"तुहा!" "तुहा!"

असो. त्या रविवारच्या सामन्यात पाहण्यासारखं काही असेल तर ते अकोल्याचे स्टॉपर. दोघंही शिडशिडीत. एक सावळा, केसांना रबर लावलेला, दुसरा डावखुरा. तोंडाचा पट्टा सतत चालू. "जाय तू, मांगं मी हाय!" "सोड, सोड, बाहीर जाते थो!" "लाइन वर घे बे!" डावखुरा भिडला की सावळा आपसूक मागे सरकायचा, न बघता, जणू दोघांत सुतळी बांधलेली. मध्यंतरात चौकशी केली तर एकाच गल्लीतले, लहानपणापासून भिंतीवर चेंडू मारत वाढलेले. आपल्या पोरांचा एकही चेंडू त्या दोघांच्या मधून गेला नाही. शेवटी शेवटी एका कॉर्नरला सावळा पुढे आला आणि डोक्यानं दुसरा गोल ठोकून गेला. पाहुणे २-० नं जिंकले.

महिन्याभरानं कामासाठी अकोल्याला गेलो होतो. संध्याकाळी त्यांचा सामना आहे कळलं, म्हणून मुद्दाम थांबलो. ऊन उतरलं तरी जमीन भाजतच होती. सावळा दिसला. पाठीवर नवी जर्सी, ९ नंबर. डावखुरा मागे कुणातरी नव्या पोराला हातवारे करून काही समजावत होता, आणि ते पोर बुटाची नाडी बांधत होतं.

शेजारी उभ्या असलेल्या संघाच्या माणसाला विचारलं, "थो पुढं काऊन, भाऊ?"

"गोल मारला ना त्यानं अमरावतीले!"

"अन् मांगं?"

"पाहू ना."